व्याह्यांची एसएसडी

गारव्याच्या बाबतीत माझ्या व्याह्यांइतका तापट मनुष्य उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा कोणी दाखवून दिल्यास मी आयुष्यभराचा पत्रव्यवहार त्याच्या स्वाधीन करीन. 'व्याही' हा शब्द मी जाणीवपूर्वक योजला आहे. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी परस्पर संमतीने, रीतसर हुकूमनाम्यानिशी विभक्त झाली, तेव्हा पेणमधील एका वकील परिचिताने "आता ते तुमचे कोणी लागत नाहीत" असा शेरा मारला. मी त्यांना लेखी कळवले की, व्याही या नात्याची व्याख्या मला कोणत्याही कायद्यात सापडलेली नाही. जे कायद्याने जोडलेच नव्हते, ते कायदा तोडणार कोणत्या कलमाखाली? त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. येण्यासारखे नाहीच.

व्याही अष्टमी या गावी, कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे राहतात. सारी हयात एका कंपनीत कूलिंग टॉवरवर शिफ्टमध्ये काम केल्यामुळे, जगातील यच्चयावत दुःखाचे मूळ उष्णतेचा निचरा न होण्यात आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. "उष्णता मरत नाय, व्याही. ती फक्त घर बदलते. तिला दार दाखवायला पायजे," असे सांगत ते घावनसुद्धा तव्यावरून काढून पंख्याखाली तिरके उभे करतात. निवृत्तीनंतर या श्रद्धेचा सारा रोख टेबलावरच्या संगणकातील एसएसडीवर वळला. सगळा साठा सांभाळणारी ही बोटभर लांबीची चपटी पट्टी सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात गेली, की जीव वाचवण्यासाठी काम मंदावते आणि व्याह्यांचा संगणक मध्येच थिजतो. त्या पट्टीवर आमच्या मुलांच्या लग्नाचे समग्र चित्रीकरण आहे. छायाचित्रकार ते देण्यास टाळाटाळ करीत होता. माझ्या दुसऱ्या नोटिशीनंतर त्याने ते मुकाट्याने आणून दिले. लग्न मोडल्यावर सूनबाईंनी (मी अजून सूनबाईच म्हणतो) ते पुसून टाकण्यास सांगितले. व्याह्यांनी तडजोड काढली की, नवरा-नवरी दिसतात तेवढे सगळे कापायचे, उरेल त्याची फिल्म करायची आणि मूळ पुसायचे. "करा काय करायचंय ते, पप्पा. मी कुठं दिसता कामा नये," एवढ्या अटीवर मुलीने मान्यता दिली. उरणाऱ्यांत माझी दिवंगत पत्नी होती. तिचे चालते-बोलते चित्र अन्यत्र कोठेही नाही, आणि मूळ चित्रीकरण पाहण्याचे धैर्य मला कधी झाले नाही, कारण त्यात माझा मुलगा सारखा हसताना दिसला असता. सबब त्या पट्टीच्या तापमानात माझा प्रत्यक्ष हितसंबंध होता, हे येथे नमूद करतो.

व्याह्यांच्या पत्नी मुलीच्या सोबतीला पुण्यास गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. त्यामुळे व्याह्यांनी कपाट बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात नेले, देव्हारा कोपऱ्यात सरकवला, तरी टोकायला घरात कोणी नव्हते. नदीवरचा वारा खिडकीतून येऊन थेट संगणकाच्या पोटात शिरावा, अशी ती योजना होती. संगणकाची एक बाजू काढून तिथे त्यांनी मच्छरदाणीचा तुकडा शिवून बसवला. रविवारी पेणच्या रामवाडीहून एसटीने मी पोहोचलो, की "या" म्हणण्याआधी ते म्हणत, "जरा डावीकडं बसा व्याही, वारा अडवताय." पुढे शेजारच्या बाईंनी नेमका खिडकीसमोर कोंबड्यांसाठी पत्रा टाकला. माझे रक्त उसळले. हवेच्या सुखाधिकारासाठी, म्हणजे ती अडवू न देण्याच्या हक्कासाठी, वीस वर्षांचा अखंड उपभोग लागतो हे मला ठाऊक होते आणि एसएसडी घेऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. परंतु घर जुने असून वारा त्याहून जुना आहे, असा मुद्दा मांडून मी चार पानी नोटीस दिली. बाई ती घेऊन दारात आल्या. "काका, कोंबड्यांना नोटीस? वाचायची कोणी, कोंबड्यानं?" व्याही ओशाळून म्हणाले, "तसं नाय गो. आतली पट्टी तापते, म्हणून." बाईंनी मच्छरदाणीतून आत डोकावून पाहिले, मानही हलवली आणि संध्याकाळी पत्रा हातभर सरकवून घेतला. हे माझ्या नोटिशीमुळे घडले, असे माझे मत आजही आहे.

मग व्याह्यांनी त्या पट्टीवर बसवायचा ॲल्युमिनियमचा खाचेदार ठोकळा मागवला. पट्टीची उष्णता ओढून तो वाऱ्यावर सोडतो. बसवल्यावर तापमान उतरण्याऐवजी चढले. मी विक्रेत्याला असे पत्र लिहिले की ते वाचताना तोही तापला असावा. त्याचा फोन आला. "काका, खालच्या मऊ पॅडवरचा निळा प्लास्टिक कागद काढलाय ना?" व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या घरातील टीव्हीचा रिमोट, फ्रीजचे दार, सोफ्याचे हात, सगळे अद्याप कंपनीच्या प्लास्टिकात आहे. नवी वस्तू नवी राहावी म्हणून. "तो काढायचा असतो व्हय?" त्यांनी हळूच विचारले. यावर माझे म्हणणे स्पष्ट आहे. सूचना आम्हां दोघांनाही वाचता न येणाऱ्या लिपीत, मुंगीच्या अक्षरात छापलेली होती. म्हणून दोष विक्रेत्याचाच. तरी कागद काढला आणि आकडा सत्तरच्या पुष्कळ खाली आला. त्या दिवशी व्याह्यांनी मला दोनदा चहा पाजला, तोही गरम.

मागच्या रविवारी फिल्म तयार झाली. संगणक एकदाही थिजला नाही. वधूवरांवाचूनचे ते लग्न आम्ही दोघेच पाहू लागलो. अक्षता कोणावर पडतात ते दिसत नव्हते. भटजी रिकाम्या जागेकडे पाहून थबकत होते. आचारी दिसला, माझे मेहुणे जिलेबी लपवताना दिसले. माझी पत्नी दिसेना. व्याही खाली मान घालून म्हणाले, "विहीणबाई दिवसभर मुलाच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. त्याला काढलं की त्याबी जातात. खूप जपून कापलं, व्याही. शेवटाला एवढाच तुकडा हाताला लागला."

पंगत उठल्यानंतरचा तो तुकडा होता. ती खुर्चीत एकटी, चपला काढून, कागदी बशीने वारा घेत बसली होती. कॅमेरा जवळ येताच तिने बशी हलवली. "माझं काय घेतोस रे? तिकडं जा, नवरा-नवरीचं घे."

याला लागू होणारे कलम मला ठाऊक नव्हते. तुकडा संपताच व्याह्यांनी विचारले, "परत लावू?"

"तापेल," मी म्हणालो.

"नाय. नुसतं बघण्यानं नाय तापत. ताप सगळा कापण्यात होता."

पेणची एसटी मी जाऊ दिली. व्याह्यांनी त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी ओढली, आणि पडद्यावर माझ्या पत्नीने त्या कॅमेरावाल्याला पुन्हा एकदा हाकलून लावले.