पत्रावरचा श्री

धाकटा भाऊ बोटीवर होता आणि त्या वर्षी सोमालियाकडच्या समुद्रात चाचे बोटी पळवत होते. बोटीवरून त्याला फक्त कंपनीच्या पत्त्यावरून ई-मेल करता येई. दर सोमवारी तो आमच्या घरच्या मेलिंग लिस्टवर एकच पत्र टाकी. तिथून ते मांडवीत मला, पावसला काकांना, मुंबईच्या भावंडांना, सगळ्यांना जाई. लिस्ट मी चालवत असे, आणि त्याचा तोराही मिरवत असे.

आईचं म्हणणं, वर 'श्री' नसलेलं पत्र फक्त मयताचं. म्हणून लिस्टवरच्या प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'श्री' आपोआप चढेल अशी सोय मी केली होती.

एकाएकी त्याची पत्रं थांबली. तीन सोमवार कोरडे गेले. "कसा आहेस?" म्हणून मी लिस्टवर दोनदा लिहिलं, उत्तर नाही. काकांचं आंब्याचं रडगाणं मात्र वेळेवर येत होतं, तेव्हा लिस्ट बिघडली म्हणायलाही जागा नव्हती. मी पार भ्याले. कंपनीचा नंबर फिरवायची आणि पलीकडे घंटा वाजायच्या आत ठेवून द्यायची.

"काय गो, आलं काय त्याचं?" आई रोज विचारी.

"बंदर लागलं की येईल," मी सांगे.

शेवटी लिस्टचं जुन्या पत्रांचं पान उघडलं. तिथे कधी कोणी फिरकत नसे. त्याची तिन्ही पत्रं तिथे होती. तिसऱ्यात होतं, "ताई, ठीक आहे म्हणून दर वेळी लिहितोय, तरी तू तेच का विचारतेस? आईचं काही लपवत नाहीस ना?"

मी रडले. मग मुंबईच्या चुलतभावाला फोन केला, तो कंप्युटरवाला. त्याने शोधून सांगितलं. कंपनीच्या नावाने खोटी पत्रं फिरू लागली होती, म्हणून कंपनी आता प्रत्येक पत्रावर न दिसणारी मोहोर लावी, आणि मोहोर मोडलेलं पत्र खोटं समजून फेकून द्या, असं तिने जगभरच्या ई-मेल सेवांना कळवलं होतं. पत्र लिस्टपर्यंत धड येई, पण तिथून पुढे जाताना एक अक्षर वाढलं तरी मोहोर मोडे. काकांच्या पत्रांना अशी मोहोरच नव्हती.

"ताई, तुझा श्री काढ," तो म्हणाला.

काढला.

पुढच्या सोमवारी पत्र आलं, वर कोरं. मजकूर वाचायच्या आधी मी खाली त्याचं नाव आहे का ते पाहिलं. तो सुखरूप होता. मी पत्र छापलं, वर पेनाने श्री लिहिला आणि आईला दिलं.

तिने त्या श्रीवरून बोट फिरवलं. शाई ओली होती.

"हा तू लिहिलायस," ती म्हणाली. "खरं सांग गो, तो आहे ना?"