नालीवरचं अळू

मांजरसुंब्याला ढाब्यांच्या मागं सारजाबाई राहते. तोंडानं फटकळ, पण एखादं करडू दगावलं की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. घराच्या वरच्या अंगाला कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडायचा धंदा काढला, आणि तिथलं काळं पाणी नालीनं तिच्या शेळ्यांच्या डबक्यात यायला लागलं. शेळ्या पाण्याला तोंड लावीनात. सारजाबाई त्या धंदेवाल्याशी भांडली, ग्रामपंचायतीत जाऊन भांडली. ऐकतंय कोण!

मग बायका मोरीमागं करतात तेच तिनं केलं. नालीत खडी-वाळू टाकली, कर्दळ लावली, अळू लावलं. आणि काय सांगावं, झाडं अशी माजली की नाली दिसेना! खाली डबक्यात उतरायचं ते पाणी निवळशंख. सारजाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायची. "मुक्या झाडाला कळतंय, ह्या मेल्यांना कळंना."

त्यातच सून उज्ज्वलाला दिवस गेले. लई वर्षांनी घरात पाळणा हलणार होता, आणि पोरीला डोहाळे लागले ते अळूच्या वड्यांचे. सासूला आभाळ ठेंगणं झालं. सुपाएवढाली पानं खुडून आणायची, बेसन-चिंच लावून वड्या तळायची. "खा गं पोटभर, घरचंच हाय." लेकानं, अंगदनं ताटात हात घातला तर त्याच्यावर खेकसायची, "सोड, तिचं हाय ते!"

सातव्या महिन्यात उज्ज्वलाच्या पोटात कळा यायला लागल्या, तोंड पांढरंफटक पडलं. बीडला नेलं. रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं विचारलं. प्यायचं पाणी लांबच्या बोअरचं. "मग खाण्यात काय असतं?"

सारजाबाई कौतुकानं पुढं झाली. "नालीवरचं अळू! बॅटरीचं काळं पाणी येतंय न्हवं, ते बी साफ करतंय बघा."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मावशी, पाणी साफ झालं, पण त्यातलं शिसं गेलं कुठं? झाडानं ते पानात ओढून घेतलं."

"आन् लेकराला?" सारजाबाईनं विचारलं.

"पोचलं असणार. किती, ते आत्ता सांगता येत नाही."

सारजाबाईनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

घरी आल्या आल्या तिनं अळू, कर्दळ, सगळं मुळासकट उपटलं. पण टाकायचं कुठं? उकिरड्यावर टाकावं तर शेळ्या तोंड घालणार, जाळावं तर धूर घरात. शेवटी ढिगावर गोणपाट टाकून ती काठी घेऊन राखणीला बसली. डबक्यात काळं पाणी पुन्हा भरत होतं.

उज्ज्वला भाकरीची दुरडी आणि कालवण घेऊन आली. "आत्या, जेवा की. तुमी काय मुद्दाम केलं व्हय? मीच मागत व्हते."

सारजाबाईला रडू आवरेना. ह्या पोरीनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उगी बरं," उज्ज्वला शेजारी टेकली. "मला बी भूक लागलीया. वाढा."

सारजाबाईनं दुरडीतली भाकरी उचलली आणि तिचा हात तिथंच थांबला.

"तूच घे गं बाई," ती म्हणाली. "माज्या हातचं नको."