भोंग्याची आत्याबाई झाली तेव्हा

बाबांना गावाहून बालाघाटला आणलं तेव्हा त्यांचं सगळं सामान आणलं, फक्त कुत्रं राहिलं.

सामान म्हणजे तरी काय! एक पत्र्याची पेटी, दोन धोतरं आणि आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली एक वाकळ. आई मोहफुलांच्या दिवसांत गेली. तेरवी आटोपली, घराला कुलूप घातलं आणि मी बाबांना राजेगावजवळच्या आमच्या गावातून उचलून आणलं. लोक म्हणाले, पोरगा असावा तर असा! (हे आधीच लिहून ठेवतो. पुढे माझ्याबद्दल चांगलं असं काही येणार नाही.)

कुत्र्याचं नाव भोंगा. आईला तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सापडला होता, मुठीएवढा. पहिल्या रात्री त्यानं असा सूर लावला की अख्खं गाव जागं झालं, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. आईच्या हातची भाकर खाऊन तो वासराएवढा झाला. सूर मात्र तोच राहिला. असं कुत्रं भाड्याच्या घरात लपवून ठेवायची कल्पना कुठल्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही. मला सुचली.

आमच्या घरमालकीण काकू म्हणजे करारी बाई. त्यांच्या यजमानांनी मलाजखंडच्या खाणीत उभा जन्म काढला, निवृत्त झाल्यावर हौसेनं हे घर बांधलं, आणि वास्तुशांतीचे आंब्याचे डहाळे वाळायच्या आत ते गेले. तेव्हापासून काकू त्या घराच्या फरशा अशा पुसतात की पाय ठेवायला लाज वाटावी. गल्लीत कुत्रं दिसलं की त्यांची काठी निघायची. होता होता आमच्या गल्लीत एक कुत्रं उरलं नाही. बालाघाटातली कुत्रीसुद्धा आमच्या गल्लीला वळसा घालून जायची!

बाबा आले आणि गप्प झाले. रडले नाहीत, चिडले नाहीत, जेवायला बसवलं की जेवले. काही विचारलं की एकच उत्तर, "हौ." मी त्यांना टीव्ही लावून दिला, त्यांनी हौ म्हटलं. टीव्ही बंद केला, तरी हौ. दिवे लागायच्या वेळेला मात्र ते खिडकीशी उभे राहायचे आणि स्वतःहून एक वाक्य बोलायचे.

"भोंग्याले कोनं भाकर टाकली असन?"

"सुखदेव टाकते ना बाबा." सुखदेव म्हणजे गावचा शेजारी.

"हौ," म्हणून बाबा पुन्हा मिटायचे. माझ्या डोळ्यांदेखत माझे बाबा विझत चालले होते, आणि मी त्यांना चॅनेल बदलायला शिकवत होतो.

शेवटी मी धीर करून काकूंकडे गेलो.

"काकू, बाबासाठी एक कुत्रं आनाचं म्हनतो. लहानसं हाये." (वासराएवढं!)

"देखो भाऊ, तुमाले राहाचं असन त राहा. तुमचा सगळा गोतावळा आना. पाव्हने आना, बिमार मानूस आना, मी हातानं करून खाऊ घालीन. पर कुत्रं? बिलकुल नही! माह्या मालकाची फरशी हाये थे."

आता या वाक्यात दुसऱ्या कुणाला नकार ऐकू आला असता. मला त्यात वाट दिसली.

पोळ्याला बाबांना घेऊन गावी गेलो. घरासमोर भोंगा बसला होता. हाडं निघाली होती. सुखदेव म्हणाला, "भाऊ, मी भाकर टाकतो, पर हा खात नाही. दिवसभर कुलपाकडे पाहून बसून रायते. त्याले वाटते, बुढी अंदर हाये."  बाबा त्याच्या शेजारी ओट्यावर बसले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडले. आवाज करून रडले. मला कुठं पाहावं कळेना, म्हणून मीही कुलपाकडे पाहत राहिलो.

परतताना आमच्या भाड्याच्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बाबा होते, आणि बाबांच्या मांडीवर आईच्या वाकळीत गुंडाळलेली माझी आजारी आत्या होती.

मला सख्खी काय, चुलत आत्याही नाही. पण आजारी माणसाला काकूंची परवानगी होती! आश्चर्य असं की एरवी सायकलच्या घंटीलाही साथ देणारा भोंगा रस्ताभर हूं की चूं करेना. वाकळीला आईचा वास होता. तो त्यात नाक खुपसून पडून राहिला.

फाटकाशी काकू उभ्याच.

"कोन हाये जी?"

"माही आत्या," मी म्हणालो. "तब्येत लई खराब हाये. उजेड सहन होत नाही. हवाबी नाही. मानूसबी नाही."

"अगं माय! धरू काय मी एका बाजूनं?"

"नाही!" मी आणि माझी बायको वैशाली एकदम ओरडलो. बाबा आत्याला छातीशी धरून जिना चढले. हे पाहून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "बयनीवर किती जीव हाये!" म्हणाल्या.

खोलीचं दार लावल्यावर वैशालीनं बाबांकडे पाहत मला एवढंच विचारलं, "आपल्याले बयीन हाये, हे मामाजीले मालूम हाये काय?"

संध्याकाळी काकू मुगाची खिचडी घेऊन जिन्यावर हजर. पातळ, तूप घातलेली. मी दारातूनच वाटी घेतली. सुखदेवच्या भाकरीला न शिवलेल्या भोंग्यानं ती वाटी पुसून ठेवली, फरशी चाटली आणि दाराकडे पाहत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खिचडी आली. मग रोजच यायला लागली. इकडे आत्याची हाडं बुजायला लागली आणि तिकडे माझी झोप उडाली.

एका सकाळी मिठाईवाल्याची गाडी भोंगा वाजवत गेली आणि आमच्या भोंग्याला त्याची जात आठवली. हिंदी शाळेत तिसरीत शिकणारी माझी लेक मिनू गॅलरीतून आनंदानं ओरडली, "पापा, पापा, बड़ी दादी भौंक रही है!"

खालून काकू, "काय झालं जी?"

"खोकला!" मी वाकून ओरडलो. "जुना हाये!"

अर्ध्या तासात काढा आला. अडुळसा, मिरे, आणखी काय काय होतं कोण जाणे. भोंग्यानं वास घेतला आणि पलंगाखाली गेला. वाटी भरलेली परत देणं शक्य नव्हतं, कारण काकू जिन्यावर उभ्या राहून वाटीची वाट पाहत होत्या. तो काढा मी प्यायलो. रोज प्यायलो. आत्याचा खोकला लांबला तसा काढा कडू होत गेला, आणि कचेरीत लोक विचारायला लागले, "क्या बाबूजी, तबीयत ठीक है ना?"

त्यातून एके दिवशी काकूंचं भजनी मंडळ आलं. खोलीत माणूस सहन होत नाही म्हटल्यावर बायका जिन्यावर ओळीनं बसल्या. टाळ वाजला. पहिल्या कडव्याला मी दाराला पाठ लावून उभा होतो. दुसऱ्या कडव्याला आतून सूर आला. लांब, उंच, थेट काळजातून! बायका थांबल्या. भोंगा थांबला नाही.

"काय गळा हाये बाईचा!" एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली. "एवढ्या दुखण्यातबी सूर सोडत नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, गहिवरल्या. माझ्या हुशारीचं मला भारी कौतुक वाटलं.

पण या सगळ्यात एक गोष्ट झाली होती. बाबा बोलायला लागले होते. माझ्याशी नव्हे. माझ्या वाट्याला अजून "हौ"च होतं. ते दुपारी दार लोटून भोंग्याशी बोलायचे. एकदा कचेरीतून लवकर आलो तर दाराबाहेरच थबकलो.

"तुले याद हाये का रे," बाबा म्हणत होते, "बुढी वावरातून आली का पह्यले तुले भाकर टाके, मंग मले वाढे. म्या म्हनो, काहून वं, मी कोन हाओ? त म्हने, त्याले बोलता येत नाही. तुमाले येते, तुमी मागून घ्या. म्या जिंदगीभर मागून घेतलं रे. आता कोनाले मांगू?"

 भोंग्याची शेपटी फरशीवर हळूहळू आपटत होती. मी चपला हातात घेऊन जिन्यावर येऊन बसलो. खालच्या पायरीवर काकू बसल्या होत्या, खिचडीची वाटी मांडीवर घेऊन. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. वाईट वाटत होतं, आणि खरं सांगतो, कुत्र्याचा हेवाही वाटत होता. आईची ही गोष्ट मला कधी कुणी सांगितली नव्हती.

मग पितृपक्ष आला आणि काकूंच्या यजमानांची तिथी आली. काकूंनी पहाटेपासून स्वयंपाक केला. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी. गाईचं पान गाईनं खाल्लं. कावळ्याचं पान कावळ्यानं उचललं. कुत्र्याचं पान फाटकाशी मांडलं, आणि कुत्रं कुठून येणार?

काकू पान घेऊन गल्लीच्या टोकाला गेल्या. "यू, यू, यू!" असं त्या हाका मारत होत्या, आणि पलीकडच्या चौकात बसलेली कुत्री हाक ऐकून उठली, काकूंना पाहिलं आणि शेपट्या घालून पळाली! काकू पुढे, कुत्री त्याहून पुढे. अख्खा मोहल्ला पाहत होता. मला हसू आवरेना. मग काकू परत आल्या, पान खाली ठेवलं आणि फाटकाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडायला लागल्या.

"मालक उपाशी रायतीन माहे," त्या स्वतःशीच म्हणत होत्या. "म्याच हाकललं सगळ्याइले."

माझं हसू गळ्यातच राहिलं. मागे वळून पाहतो तर बाबा खोलीचं दार उघडत होते.

"बाबा, काय करून राह्यले तुमी? घर खाली करा लागन आपल्याले!"

"करू." बाबा म्हणाले. भाकरीचा तो प्रश्न सोडला, तर कित्येक महिन्यांत ते माझ्याशी हौपलीकडे पहिल्यांदाच काही बोलले होते. "बाई रडून राह्यली खाली. येत्या साली तुह्या मायचं पान मांडा लागन मले. तवा मी कुठी कुत्रं पाहू? जाय रे भोंग्या."

मी जिन्यात आडवा झालो. (अक्षरशः! पायऱ्यांवर!) माझी आत्या माझ्या पोटावर पाय देऊन खाली उतरली.

काकूंच्या चकचकीत फरशीवरून ती धावत फाटकाशी गेली. पानाकडे तिनं पाहिलंच नाही. आधी काकूंच्या मांडीत डोकं घुसवलं, त्यांचे हात हुंगले, तोंड चाटलं. खिचडीचा हात तो! मग वळून अख्खं पान खाल्लं, खीर शेवटी.

काकू भोंग्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी जिन्यातून उठून धूळ झटकत गेलो.

"काकू, मी सांगनारच होतो... आत्या म्हनजे..."

"राहू द्या भाऊ," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "पह्यल्याच दिवशी तुमच्या आत्याची शेपटी वाकळीच्या बाहेर होती."

"मंग... खिचडी?"

"भुका होता बिचारा."

"आन काढा?"

"थो तुमच्यासाठी होता. झूट बोलन्यावरचा." मग त्या जरा थांबल्या. "मालक गेल्यापासून या घरात कोनी मानसासारखं बोललं नाही भाऊ. तुमचे बाबा दुपारी त्याच्यापाशी बोलते, मी जिन्यावर बसून आयकते. म्हनून चूप रायली. आज पान त्यालेच देऊ, असं मनात आलं होतं. पर कोन्या तोंडानं मांगू?"

एवढंच नाही. भजनी मंडळालाही ठाऊक होतं. मिठाईवाल्यालाही ठाऊक होतं. गल्लीत फसलेला माणूस एकच होता, आणि तो रोज अडुळसा पीत होता.

आता भोंगा राजरोस राहतो. काकूंची काठी कपडे वाळवायच्या दोरीला टेकू म्हणून लागली आहे. परवा संध्याकाळी बाबा खिडकीशी होते, भोंगा पलंगाजवळ. मी कचेरीतून आलो, खाली बसलो, आणि का कोण जाणे, त्याच्या कानाशी बोलायला लागलो. आईला शेवटचं भेटायला मी पोचलो नाही, कचेरीच्या कामानं बैहरला अडकलो, फोनवर "उद्या येतो" म्हणालो, ते सगळं. चाळिशी उलटलेला कचेरीतला बाबू, डोळे पुसत कुत्र्याला सांगतोय!

खिडकीकडून बाबांचा आवाज आला.

"त्याले काहून सांगतं? त्याले बोलता येत नाही. तुले येते ना? मंग मले सांग."

मी बाबांच्या पायाशी सरकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. दोन वाक्यं झाली असतील नसतील, भोंगा उठला, आळस दिला आणि खाली काकूंकडे निघून गेला. बाबा मात्र शेवटपर्यंत बसून राहिले. बिचारे काय करतील? काकूंची खिचडी फक्त भोंग्यालाच मिळते.