रेफेत उस्ताची कराशी घासाघीस

तुर्कस्तानातल्या कायसेरी गावात दुकानदाराने सांगितलेल्या किमतीला गिऱ्हाईक निमूट पैसे काढू लागलं, तर दुकानदारच घाबरतो. याची तब्येत बरी नाही की काय, असं त्याला वाटतं. अशा गावात रेफेतने जन्मभर पास्तुर्मा विकला; कसबी माणूस म्हणून सगळे त्याला उस्ता म्हणत. मेथी-लसणाचा लेप लावून वाळवलेल्या त्या मांसाचा वास उस्ताच्या कोटात इतका मुरला होता, की दुकान विकून टाकल्यावरही गल्लीतली मांजरं त्याला बँकेपर्यंत सोडायला येत.

बँकेत तो दुकानाचे आलेले पैसे ठेवायला गेला. काउंटरवर सेविल नावाची मुलगी होती. व्याज किती मिळेल ते तिने सांगितलं, आणि त्यातून कर कापला जाईल हेही सांगितलं.

“किती कापणार?”

तिने आकडा सांगितला.

“बरं. आता खरा सांग.”

“काका, हाच खरा.”

“अगं पोरी, मी याच गावचा. पहिला आकडा कधी खरा असतो का? तू अर्ध्यावर ये, मी थोडा वर सरकतो.”

“मी कशी येऊ? कर सरकारचा आहे.”

“मग सरकारला फोन लाव. मला घाई नाही.”

सेविलने चहा मागवला. उस्ताला हे लक्षण चांगलं वाटलं, कारण चहा आला की समोरचा नरमलाच म्हणून समजायचं. चहा संपवून तो उठला, टोपी चढवली, “राहू दे मग” म्हणाला आणि पाय ओढत दाराकडे निघाला. बाजारात दोन-चार पावलांत मागून हाक येते. इथे दार आलं तरी हाक येईना. उलट पहारेकऱ्याने अदबीने दार उघडून धरलं. उस्ता तसाच मागे फिरला आणि जणू काही विसरलं होतं अशा चेहऱ्याने परत खुर्चीत बसला.

“काका, नीट ऐका,” सेविल हसू दाबत म्हणाली. “तुमच्या मुद्दलाला कुणी हात लावत नाही. कर फक्त व्याजावर. आणि पैसे जितके जास्त दिवस ठेवाल तितका कर कमी. वर्षाच्या वर ठेवलेत तर सगळ्यात कमी.”

“बघ! होतो की नाही कमी?”

“होतो, पण लांब मुदतीला आमचं व्याजही कमी आहे. नुसता कर बघू नका, कर जाऊन हातात काय उरतं ते बघा. शिवाय मध्येच पैसे काढलेत तर व्याज बुडेल.”

पण ‘कमी’ हा शब्द कानावर पडला तेव्हाच उस्ताचं ऐकणं संपलं होतं. त्याने वर्षाच्या वरची मुदत घेतली आणि थेट चहाच्या अड्ड्यावर जाऊन जाहीर केलं की आज आपण सरकारला खाली आणलं. दोन-तीन भोळे लोक दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे सल्ला मागायलाही आले. त्याने तो मिशीवर ताव देत दिला.

मुनेव्वेरला, म्हणजे त्याच्या बायकोला, या विजयाचं काही वाटलं नाही. “अहो, मध्येच पैसे लागले तर?”

“कशाला लागतील? व्याज हातात आलं की एर्जियेस डोंगराच्या उतारावर छोटा द्राक्षमळा घेऊ. उन्हाळाभर तिथेच राहू. तू अंगणात बसून मांतीचे इवले खिम्याचे मोदक वळ, मी वेलींना शिव्या देतो.”

बिनलिफ्टच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहत, आणि मुनेव्वेरचे गुडघे कधीच संपावर गेले होते. पाव हवा असेल तर ती बाल्कनीतून दोरीने टोपली खाली सोडायची. शेजारणींशी तिच्या गप्पा वरून खाली ओरडून चालत, त्यामुळे तिची एकही गोष्ट गल्लीत गुपित राहिली नव्हती. द्राक्षमळा सोडा, तिला नुसता रस्ता मिळाला असता तरी पुरे होतं.

मुदत संपायला थोडे महिने उरले असताना तळमजल्यावरच्या इल्हामीने घर विकायला काढलं. त्याला मुलाकडे मेर्सिनला जायचं होतं. मोबाईलच्या दुकानवाल्याला त्या जागेत गोदाम करायचं होतं आणि तो रोख द्यायला तयार होता. उस्ता इल्हामीसमोर बसला, त्याने चार दिवसांत चहाचे ग्लासांवर ग्लास रिचवले आणि किंमत इतकी पाडली की इल्हामीच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढे पैसे मुद्दलातून भागत होते. आता फक्त मुदत संपेपर्यंत थांब, एवढंच उस्ता म्हणाला.

“उस्ता, किमतीला मी हरलो,” इल्हामी हात जोडून म्हणाला. “पण थांबायचं नाव काढू नका. शुक्रवारी पैसे नाहीत, तर गोदाम.”

त्या रात्री उस्ताला झोप लागली नाही. वर्षभराचं व्याज, म्हणजे त्याचा सगळा मळा, सोडून द्यायचा होता, आणि तोही कुणी मागितला नसताना. मुनेव्वेर तर एका शब्दाने बोलली नव्हती. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पहाटे ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात जाताना त्याने पाहिलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

सकाळी बँकेत सेविलने त्याला पुन्हा पुन्हा समजावलं. “काका, एवढे दिवस थांबलात! सगळं व्याज जातंय!”

“जाऊ दे. माझी बायको वर अडकलीये.”

इल्हामीचं सामान गेलं, त्या दिवशी शेजारच्या तरुणांनी मुनेव्वेरला खुर्चीत बसवून खाली आणलं. उघड्या दारात बसून तिने हळूच विचारलं, “व्याज किती बुडालं?”

“तू आधी पाणी पी.”

“सगळं?”

“कर एक कुरुशही लागला नाही,” उस्ता ताठ मानेने म्हणाला. “व्याजच नाही, तर कापतील कशातून? माझ्याएवढा कमी कर अख्ख्या गावात कुणी भरलाय?”

ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग काठी टेकून उठली. “चला, बेकरीपर्यंत न्या मला. वाटेत भेटेल त्याला सांगणार आहे, माझा नवरा हिशेबात ठार ढ आहे म्हणून.”

“सांग,” उस्ता म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. ती रस्त्यावर उभी राहून, लोकांच्या तोंडाकडे बघत हे सांगणार होती, आणि ते ऐकायची त्यालाच जास्त घाई झाली होती.