जावेनं खाल्लेला पाव

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी माझं वाटोळं करायला घेतलं ते एका पावावरून. हसू नका. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावाजवळच्या मिशनच्या दवाखान्यात मी बाळंतपणं करायचं काम शिकत होते. सासऱ्यांनी नाही-होय करत परवानगी दिली होती. परीक्षा महिन्यावर आली होती.

तिथल्या आयरिश सिस्टर चार वाजताच्या चहाला त्यांच्या देशाचा पाव करत. गव्हाचं पीठ, मीठ, खायचा सोडा, साखर, मूठभर किसमिस आणि आंबट ताक. फार मळायचं नाही. गोळा झाला की लगेच झाकणाच्या भांड्यात, खाली निखारे, झाकणावरही निखारे. आतपर्यंत शिजावा म्हणून वरून सुरीनं एक उभी, एक आडवी चीर. एकदा त्यांनी मला अख्खा पाव रुमालात बांधून दिला.

जाऊबाईंनी रुमाल सोडला, चिरा पाहिल्या आणि तडक नदीवर गेल्या. "धाकटी बाटली व माय! क्रूस काढलेला पाव आणला घरात!" संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सासरे म्हणाले, "उद्यापासून दवाखाना बंद." मी रडले नाही. अंगाची नुसती आग होत होती. थांब बाई म्हटलं, तुलाच तो पाव खाऊ घालते.

रविवारी त्याच नदीवरच्या बाया आमच्याकडे चहाला आल्या. मी परसात गोवऱ्या पेटवून तोच पाव केला. फक्त चिरा दिल्या नाहीत, म्हणून मेला एका अंगानं फुटला. "गोड रोडगा हाये," म्हणून बायांपुढं आणि ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांपुढं काप ठेवले. रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, आमच्याकडे गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांवरच भाजतात, कोणाला शंका येणार?

जाऊबाईंनी चहात बुडवून एक खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा संपवत म्हणाल्या, "मस्त झाला व. मलेही शिकव."

"शिकवीन ना, बाई. सिस्टरचा तोच पाव हाये हा."

बायांनी कप खाली ठेवले. मी सासऱ्यांसमोर उभी राहिले. त्यांनी हाकलून दिलं असतं तर माहेरी कोणी दारात उभं केलं नसतं. "मामाजी, मी बाटली असंन तर आता सारं घर बाटलं. तुमीबी दोन खाल्ले. कोणाकोणाले बंद करता?"

सासरे जाऊबाईंकडे वळले. "सूनबाई, तू तर तीन खाल्ले. काय झालं तुले?" जाऊबाईंनी पदरानं ओठ पुसले. सासरे म्हणाले, "मंग हिले काय होते? जाऊ दे तिले दवाखान्यात."

सोमवारी मी गेले. परीक्षा पास झाले. नवरा म्हणायचा, आता सोडून दे. काऊन सोडू? पुढं जाऊबाईंची दोन्ही बाळंतपणं माझ्याच हातून झाली. कळा सुरू झाल्या की मी उशाशी वाकून विचारायचे, "बाई, बाटलेला हात लावू का?" आणि दोन्ही वेळा त्या "लाव व माय" म्हणेपर्यंत मी हात लावला नाही.