देवाजी मिरचीबद्दल विचारायचे

देवाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत यंत्रात नमुने लावत होते. झोपेतच गेले, म्हणाले. माणूस गेल्याचं कळताच पहिल्या क्षणी मनात काय येतं ते कुणी सांगत नाही, मी सांगते… आता तरी लोक मला विचारतील, असं आलं. नंतर रडले. पण क्रम हाच होता.

देवाजी मूळचे सिंदेवाहीचे, आमच्याकडे रक्त घेणारे तंत्रज्ञ. मी त्यांची वरिष्ठ, सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. दारावरच्या पाटीवर नाव माझं. तरी खिडकीशी आलेला माणूस आधी विचारायचा, "भाऊ हायेत का?" भाऊ जेवायला गेलेले असले तर लोक बाकावर बसून राहत, मी समोर रिकामी दिसत असूनही. माझा नुसता जळफळाट व्हायचा, आणि तो लपवायला मी कपाटातल्या नळ्या पुन्हा पुन्हा लावत बसायचे.

एका उन्हाळ्यात मूलकडच्या गावांतून तापाचे रुग्ण यायला लागले. तपासलं तर डेंगू. पावसाचा पत्ता नाही, गावात डासांच्या अळ्या सापडत नाहीत, मग हा आला कुठून? बाहेरून आला असेल म्हणून मी प्रत्येकाला फॉर्मवरचा छापील प्रश्न विचारला, गेल्या पंधरा दिवसांत प्रवास केला का? "नाई जी," एकजात सगळ्यांचं उत्तर. मी तसं लिहीत गेले. शेजारी देवाजी एका बाईच्या दंडाला पट्टा बांधत होते. तिची लाल झालेली बोटं पाहून म्हणाले, "अजून झोंबतात का, माय? औंदा मिरची कोन्या गावाले होती?"

"खम्ममकडं, भाऊ. परवाच तं आलो." आणि मग ती बोलतच सुटली. मिरची तोडायला महिनाभर तिकडे तेलंगणात शेतातल्या पालात मुक्काम, प्यायचं पाणी ड्रममध्ये साठवलेलं, मच्छर दिवसाढवळ्या चावायचे, सोबतच्या दोघींनाही ताप. ती गेल्यावर मी देवाजींना चिडून विचारलं, मग माझ्याशी खोटं का बोलली?

"खोटं नाई बोल्ली, मॅडम. पोटासाठी जाते ते. त्याले कोन प्रवास म्हन्ते?"

ते नमुने पुण्याला पाठवले. तिथं विषाणूची जनुकं वाचली, तर ती आमच्याकडच्या पावसाळी डेंगूशी जुळेनात. तेलंगणातल्या नमुन्यांशी मात्र नेमकी जुळली. नागपूरला आरोग्य खात्याच्या बैठकीत मी हे मांडलं. रुग्णांशी बोलून आम्ही माग काढला, असं म्हणाले. आम्ही म्हणजे कोण ते सांगितलं नाही. देवाजी शेवटच्या रांगेत माझी बॅग सांभाळत बसले होते. परतताना गाडीत म्हणाले, "चांगल्या बोल्ल्या तुमी, मॅडम." त्यात टोमणा होता का, हे मी अजून शोधते आहे. असता तर बरं झालं असतं. समोरचा माणूस चांगला असला की हेवा करणाऱ्याची फार पंचाईत होते.

मागच्या आठवड्यात आरमोरीची एक बाई आली, इथं लेकीकडे अधूनमधून राहायला येणारी. अंगात ताप, बोटं लाल. मी चाचरत देवाजींचाच प्रश्न विचारला. ती हसली. "हे तं भाऊ इचारत होते. कुठी गेले भाऊ?"

वारले, म्हटलं. तिनं वर केलेली बाही खाली ओढली आणि बाहेर बाकावर जाऊन बसली. ही आता काही परत येत नाही, असं मला वाटलं. पण बऱ्याच वेळानं ती उठून आली, हात पुढे केला आणि गाव, मुकादम, पाल, सगळं सांगितलं… सांगताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. देवाजी बसायचे त्या खुर्चीकडे बघून बोलत होती.

फॉर्मच्या तळाशी माहिती घेणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. सवयीनं माझ्या नावाचं पहिलं अक्षर लिहूनही झालं होतं. ते खोडलं आणि देवाजींचं नाव लिहिलं, आडनावासकट. जिवावर आलं, पण लिहिलं.