तात्यारावचं रिकामं आसन

ताडकळसचा बकऱ्यांचा बाजार उठला होता. शिवप्रसाद गुरुजी एस.टी.ची वाट पाहत उभे होते, तेव्हा त्यांना तात्याराव पहिल्यांदा दिसला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस मोकळ्या मैदानात बसून कोळशाने चित्र काढत होता. कागदावर नुसत्या खुंट्या, लेंड्या आणि खुरांनी दबलेली माती. गुरुजींनी विचारलं, बकऱ्या कुठायत?

"गेल्या की, गुर्जी," मान वर न करता तो म्हणाला.

तिथून ओळख वाढली. बुद्धाची शून्यतेची शिकवण ऐकून परदेशातल्या काही चित्रकारांनी कोरे पांढरे कॅनव्हास मांडले, असा एक लेख गुरुजींनी त्याला वाचून दाखवला. तात्यारावला त्याचं नवल वाटलं नाही. जुन्या लेण्यांत बुद्धाऐवजी रिकामं आसन आणि पावलं कोरलेली असतात, हे तो डोळ्यांनी पाहून आला होता. बियाण्यांच्या जाहिराती रंगवून हात झिजले. एकदा तरी तसं काही आपल्याकडून व्हावं, एवढंच मनात राहिलं होतं.

साठीला आल्यावर गावच्या विहाराची भिंत त्याला मिळाली. महिनाभर खपून त्याने पिंपळ काढला, खाली आसन काढलं आणि आसनावरची जागा पांढऱ्याच्या आठ छटांनी भरली. विहाराची सगळी देखभाल करणारी म्हातारी धुरपताबाई बराच वेळ बघत राहिली.

"तात्या, रंग संपला का रं?"

"न्हाई, आजी. ते तसंच हाय."

"तसंच म्हंजी? मंग मी हात कुणापुढं जोडू?"

तो ब्रश धुवायला बसला. बुद्धपौर्णिमेपर्यंत आसनावर बुद्ध काढा, असं विहाराच्या समितीने कळवलं. त्याने होकारही दिला नाही आणि ब्रशही उचलला नाही.

त्याआधी चौदा एप्रिलची जयंती आली. दरवर्षीसारख्या बाया विहाराला चुना द्यायला जमल्या. आसनावरची जागा चुन्यावाचून राहिलीय असं समजून त्यांनी मोठ्या निगुतीने, पिंपळाच्या एका पानालाही थेंब न लागू देता, ती भरून टाकली. धुरपताबाईने त्याला कौतुकाने बोलावून दाखवलं.

तात्याराव दारातच बसला. सोबत आलेले गुरुजी शेजारी टेकले. तात्याराव म्हणाला, "लय सारखा चुना दिलाय, गुर्जी. मला एवढा सारखा जमला नसता."

बुद्ध शेवटी कुणी काढला नाही. समितीने भिंतीपुढे पितळी मूर्ती ठेवली, आजीला हात जोडायला जागा झाली. आसनावरच्या त्या जागेला आता दरवर्षी तात्यारावच चुना देतो. उजवा खांदा उचलत नाही, म्हणून डाव्या हाताने. तीन दिवस लागतात.